वाट आणि वहिवाट

आमच्या लहानपणी घरात एक दावा चालू होता व त्याचे वय आमच्या वयाहून अधिक होते. कोकणातील आमच्या घराच्या परसातून, दोन माडांच्या मधून, एक पायवाट शेजाऱ्यांच्या आगरात जात असे. जमीन आमची, वहिवाट त्यांची. आणि या दोन्ही गोष्टी उभय पक्षांस मान्य होत्या. मग तंटा कशाचा, असे वाचक विचारतील. एके वर्षी शेजाऱ्यांनी त्या वाटेने चिऱ्यांनी भरलेली बैलगाडी आणली आणि आमच्या आजोबांनी ती गडग्याशी अडविली. "माणसाला वाट आहे, गाडीला नाही," एवढेच त्यांचे म्हणणे होते. आणि या एका वाक्यापायी दोन्ही घरांनी तालुक्याच्या कोर्टाचा उंबरठा झिजविला.

पुढे पुष्कळ वर्षांनी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा एक निकाल आमच्या वाचनात आला, तेव्हा आजोबांचे तेच वाक्य निराळ्या पोशाखात तेथे भेटले. पक्षकार पोर्तुगाल व भारत. निकालाची तारीख १२ एप्रिल १९६०. वादाचा विषय, भारताच्या भूमीवरून जाण्यायेण्याचा हक्क.

हकीकत अशी. दमण बंदर पोर्तुगिजांचे होते आणि त्याच्या आतल्या बाजूस, चहूंकडून भारतीय मुलखाने वेढलेले दादरा व नगर हवेली हे दोन तुकडेही त्यांच्याच ताब्यात होते. दमणहून तेथे जावयाचे तर भारताची जमीन ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते. १९५४ च्या जुलै-ऑगस्टात स्वातंत्र्यसैनिकांनी हे दोन्ही तुकडे मुक्त केले. त्यांत महाराष्ट्रातील तरुण बरेच होते. सुधीर फडके यांच्यासारखा गायक-संगीतकारही होता. पोर्तुगीज शिपाई मदतीस धावू पाहत होते, पण भारताने वाट बंद केली. १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला आणि २२ डिसेंबरला त्याचा अर्ज हेगच्या न्यायालयात दाखल झाला. इतकी तत्परता आमच्या शेजाऱ्यांनीही दाखविली नव्हती!

पोर्तुगालने पुढे केलेला मुख्य कागद पुण्याचा होता. इंग्रजांशी युद्ध जुंपलेले असताना, १७७९ साली, पेशव्यांच्या दरबाराने पोर्तुगिजांशी तह केला आणि बारा हजार रुपये वसुलाची गावे त्यांस तोडून दिली. १७८३ व १७८५ च्या सनदांनी ती नेमून दिली. पोर्तुगाल म्हणे, आम्हांस राज्य मिळाले. भारत म्हणे, मिळाला तो केवळ सरंजाम. युरोपातील एका शांत शहरात, जगातील थोर न्यायाधीश 'जहागीर' आणि 'सरंजाम' या शब्दांचा कीस पाडीत बसले आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आले की कोणत्या मराठी वाचकाच्या अंगावर मूठभर मांस चढणार नाही? न्यायालयाने कौल दिला तो आपल्या अर्थाच्या बाजूने. मराठ्यांना जेथे राज्यच द्यावयाचे असे, तेथे ते तशी स्पष्ट भाषा वापरीत. येथे ती नाही, सबब हा सरंजामच होय. या गावांत बंड झाल्यास ते मोडण्याची मुभा पोर्तुगिजांस दिली होती, हे खरे. परंतु राज्यच दिले असते तर अशी मुभा वेगळी देण्याचे कारण काय, असा बिनतोड प्रश्न न्यायालयाने केला.

पण कायद्याची नजर एकाच कागदावर थांबत नाही. पेशवाई बुडाली, मराठ्यांच्या जागी इंग्रज आले. त्यांना या गावांत पोर्तुगीज अंमल चालू असलेला दिसला व त्यांनी तो चालू दिला. जे कागदाने मिळाले नव्हते ते इतरांच्या मौनाने मिळाले. पुढे स्वतंत्र भारतानेही तेच मौन पाळले. सव्वाशे वर्षे लोक, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांची ये-जा अखंड चालू होती. तेवढी वहिवाट पोर्तुगालची खरी, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा मात्र परवानगीनेच जात आला होता. सबब त्याचा हक्क नाही, असे आठ विरुद्ध सात मतांनी ठरले. आणि आसपासच्या मुलखात वातावरण तापले असताना भारताने वाट रोखली यात कसूर झाली नाही, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी. थोडक्यात, माणसाला वाट आहे, गाडीला नाही. आजोबा हयात असते तर त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले असते.

आम्हीही तो निकाल अभिमानाने मिटला. परंतु काही दिवसांनी एक शल्य मनात सलू लागले, ते अद्याप गेलेले नाही. सरंजाम म्हणजे काय? गावे दिली, म्हणजे त्यांचा वसूल दिला. तो वसूल ज्यांच्या घामातून निघावयाचा ते वारली, कोकणा, धोडिया या बारा हजारांच्या आकड्यात कोठे होते? ज्या शब्दाच्या विजयाने आमची छाती फुगली, तोच शब्द आमच्याविरुद्ध साक्ष देत होता. पुण्याच्या दरबाराने त्यांस विचारले नाही. लिस्बनने तर नाहीच नाही. आणि हेग? त्या न्यायालयाच्या घटनेप्रमाणे त्याच्यापुढे पक्षकार होऊन उभे राहण्याचा अधिकार फक्त राष्ट्रांस आहे. मुक्तीनंतर १९६१ पर्यंत त्या भागाचा कारभार तेथल्या वरिष्ठ पंचायतीने पाहिला. पण रस्ता कोणाचा हा वाद चालू असता जेथे तो रस्ता पोहोचत होता तेथली पंचायत न्यायालयाच्या दृष्टीने कोणीच नव्हती.

म्हणून कायद्यास हसावे असे मात्र आम्हांस वाटत नाही. न्यायालयास जेवढे विचारले तेवढ्याचे त्याने उत्तर दिले आणि समशेरीची वाट व माणसाची वाट निरनिराळी केली, हे थोडे नव्हे. शिवाय कायदाही चालत असतो, जरी गोगलगाईच्या पावलांनी. या निकालानंतर आठच महिन्यांनी, १४ डिसेंबर १९६० रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने पारतंत्र्यातील जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क जाहीर केला. पोर्तुगालने त्यास भीक घातली नाही. १९६१ च्या डिसेंबरात गोव्याचा प्रश्न अखेर भारतीय सैन्याने सोडविला. आम्हांस त्याचा आनंद आहे. पण दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी ज्या शस्त्रास वाट नाही म्हणून आम्ही टाळी दिली, तेच आमच्या हाती येताच न्यायाचे वाटावे, याचा संकोचही आहे.

हिंदी महासागरातील चागोस बेटांवरून ब्रिटनने १९६७ ते १९७३ या काळात तेथले रहिवासी हलविले. त्यासंबंधी २०१८ साली हेगला सुनावणी झाली, तेव्हा तशाच एका विस्थापित बाईचे निवेदन पडद्यावर दाखविण्यात आले. ते मॉरिशसच्या बाजूने मांडले गेले, हे खरे. आणि पुढील वर्षी न्यायालयाने दिलेल्या सल्लागार मताने कोणास आपले घर लागलीच परत मिळत नसते, हेही खरे. तथापि जिची वाट बंद झाली तिचा आवाज त्या दालनात उमटला. १९६० साली हे घडले नव्हते.

आमच्या दाव्याचा निकाल आजोबांसारखा लागला. गाडी येऊ नये म्हणून वाटेच्या तोंडाशी त्यांनी दोन आडवे बांबू बसविले. पुरुषमाणसे ते सहज ओलांडीत. पण दोन्ही घरी काम करणारी एक बाई रोज त्याच वाटेने डोईवर गवताचा भारा घेऊन जाई. तिला आता ओढ्यावरून वळसा पडू लागला. एके रात्री जेवणे झाल्यावर आजी म्हणाली, "निकाल लागला ते बरे झाले, पण भारा घेऊन येणारीने जावे कोठून?"

"ती दाव्यात नव्हती," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरचा बांबू निघालेला होता. खालच्याने गाडी अडत होती, आणि भारा घेऊन बाई जात होती. तो कोणी काढला, हे आमच्या घरात कोणी कोणास विचारले नाही.