जयपूरची एक खरेदी

मैत्रिणींनो, जयपूरला जाऊन आलेल्या बाईला पहिला प्रश्न कोणता विचारतात, ते तुम्हांला ठाऊकच आहे. "काय काय आणलंस गं?" लाखेच्या बांगड्या, बांधणीची साडी, सांगानेरी छापाच्या चादरी, जयपुरी रजई! माझ्या पिशवीतही यातलं थोडंफार होतं. पण या खेपेची खरी खरेदी म्हणजे बापूबाजारात घेतलेला मोजड्यांचा एक जोड. माप आठ वर्षांच्या मुलीचं. तो कसा घेतला, तेच आज सांगायचं आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक सुताराचं घर आहे. त्यांची नात दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरखाली सापडली आणि तिचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आम्ही सगळ्याजणी भेटायला गेलो, शहाळी नेली, बिस्किटं नेली आणि परतताना हळहळलो, "पोरीच्या जातीला असं व्हावं! पुढं लग्नाचं कसं व्हायचं?" सहा वर्षांच्या मुलीच्या लग्नाची काळजी आम्ही वाहिली, पण उद्या ती शाळेत कशी जाईल, हे एकीच्याही तोंडून आलं नाही. माझ्याही नाही. पोर आजोबांनी करून दिलेल्या कुबडीवर ओट्यापर्यंत यायची आणि बसून इतर मुलींच्या फुगड्या बघायची. शेवटी तिच्या आजीनंच एक दिवस दारात येऊन विचारलं, "वहिनी, तुम्ही शिकलेल्या. त्या जयपूरच्या पायाचं काही ठाऊक आहे का?"

मग चौकशी केली आणि आजी, नात नि मी अशा तिघी निघालो. संध्याकाळी मुंबई सेंट्रलला गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी जयपूर येतं. सवाई जयसिंगांनी 1727 साली वसवलेलं हे शहर. रस्ते कसे पट्टीनं आखल्यासारखे! 1799 साली बांधलेला हवामहल आम्ही रिक्षातूनच पाहिला. पोरगी म्हणाली, "एवढ्या खिडक्या पुसतं कोण?" अगदी बाईमाणसाचा प्रश्न!

मालवीयनगरात भगवान महावीर विकलांग सहायता समितीचं केंद्र आहे. इस्पितळ म्हणून आत शिरलो, तर पाहावं तो कारखानाच! कुठं प्लॅस्टर कालवताहेत, कुठं कानशीनं घासताहेत, कुठं भट्टीतून तापलेली नळी काढताहेत. इथं पायाचे पैसे घेत नाहीत. रुग्णाची आणि सोबतच्या माणसाची राहण्याजेवण्याची सोयही फुकट होते. आजीनं पदराच्या गाठीत बांधून आणलेले पैसे तसेच राहिले. तरी ती दोन दिवस ती गाठ चाचपत होती. फुकट म्हणजे काहीतरी खोट असणार, असं तिचं मन सांगत होतं.

पाय कसा करतात, ते सांगते. आपल्याला पाककृतीसारखं समजतं. उरलेल्या पायाचा प्लॅस्टरचा साचा काढतात. त्यावरून पायाची हुबेहूब प्रतिकृती ओततात आणि ती घासून नेमकी करतात. शेतीच्या पाण्यासाठी वापरतात तसली एचडीपीईची नळी भट्टीत मऊ करतात आणि त्या प्रतिकृतीवर ओढून बसवतात. निवली की झाली पोटरी तयार. तिला खाली रबराचं पाऊल जोडायचं. त्या पावलात रबराचे निरनिराळे थर आणि लाकडाचा तुकडा असतो. साच्यात घालून, उष्णता देऊन ते एकजीव करतात. त्याला बोटंसुद्धा असतात बरं का!

हे पाऊल 1968 साली जयपूरच्याच सवाई मानसिंग इस्पितळात जन्मलं. डॉ. प्रमोद करण सेठी अस्थिशल्यतज्ज्ञ आणि रामचंद्र शर्मा फार न शिकलेले, पण हातात कला असलेले कारागीर. तेव्हाचा परदेशी धाटणीचा पाय बुटात घालायचा असे. त्यावर उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे. आता तुम्हीच सांगा, पाटावर बसता येत नाही, देवळात अनवाणी जाता येत नाही, चिखलातून शेतात जाता येत नाही, असा पाय आपल्या माणसाच्या काय कामाचा? सायकलच्या टायरचं पंक्चर काढताना पाहून शर्मांना रबराची कल्पना सुचली, असं सांगतात. डॉ. सेठींना 1981 साली मॅगसेसे पारितोषिक मिळालं. पण पाय तयार झाला, तरी पहिली काही वर्षं तो मोजक्याच माणसांपर्यंत पोचला. सरकारी अधिकारी असलेल्या डी. आर. मेहतांचा पाय 1969 च्या मोटार अपघातानंतर जेमतेम वाचला. ज्यांना पैशाचं बळ नाही, त्यांचं काय होत असेल, हे त्यांच्या मनानं घेतलं आणि 1975 साली त्यांनी ही समिती काढली. स्वतः पगार न घेता ते हे काम करत आले. पाय, कॅलिपर, कुबड्या, तीनचाकी सायकली मिळून वीस लाखांहून अधिक लोकांना समितीची मदत पोचली आहे.

कारागिरांपैकी कित्येकजण स्वतःच जयपूर पायावर चालतात. आमच्या पोरीचं माप घेणाऱ्यानं आपली पँट वर करून पाय दाखवला, तेव्हा कुठं ती रडायची थांबली. मग त्यांनी तिची कुबडी हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली, काखेखालच्या गोलाईवरून अंगठा फिरवला. "ये किसने बनाई?" आजी म्हणाली, "हिच्या आज्यानं." "हाथ अच्छा है," एवढंच ते बोलले. आजीनं डोळ्याला पदर लावला. एका कारागिरानं दुसऱ्याला दिलेली दाद होती ती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाय बसवला. सिनेमात दाखवतात तशी काही ती धावत सुटली नाही. दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून चार पावलं टाकली आणि "दुखतंय" म्हणून बसली. दिवाळीच्या सुट्टीत अधूनमधून मदतीला येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका तिथं होत्या. त्यांनी कुणाला न विचारता पोरीचा हात धरला आणि तासभर तिच्याशी आकडे म्हणत फेऱ्या घातल्या. संध्याकाळी पोरगी जमिनीवर मांडी घालून जेवायला बसली. आजी जेवलीच नाही, नुसती बघत राहिली.

आणि मग बापूबाजार! गेली दोन वर्षं तिला चप्पल घ्यायची, तर जोड घ्यायचा आणि उजव्या पायाची घरी ठेवायची. आजीनं त्या उजव्या चपलाही टाकल्या नव्हत्या, फळीवर मांडून ठेवल्या होत्या. दुकानदारानं लाल मोजडी पुढं केली. पोरीनं आधी उजवा पाय पुढं केला. पैसे आजीनं दिले, पदराची गाठ सोडून. मला हात लावू दिला नाही.

आता एक व्यवहाराची गोष्ट ध्यानात ठेवा. मूल वाढतं, पाय वाढत नाही. म्हणून मुलांचा पाय वेळोवेळी तपासून बदलावा लागतो. उरलेला पाय रोज धुऊन कोरडा ठेवावा आणि लाल वण दिसला तर अंगावर काढू नये. दर वेळी जयपूर गाठायला हवं असंही नाही. पुण्याला साधू वासवानी मिशनतर्फे पाय मोफत मिळतात. गावोगावची शिबिरंही असतात. तिथं नावं लिहायला आणि पोळ्या लाटायला माणसं हवीच असतात.

परतल्यावर आजोबांना त्या कारागिराचे शब्द सांगितले. ते काही बोलले नाहीत. पण आठवड्याभरात अंगणात बांबूच्या दोन दांड्या उभ्या राहिल्या, नातीच्या सरावाला. मग उरलेल्या सागवानातून लहान मुलांच्या मापाच्या तीन कुबड्या झाल्या आणि सरकारी इस्पितळात जाऊन पोचल्या. आता चौथी चालली आहे. तिच्या काखेखालच्या गादीचं शिवण आमच्या भिशीमंडळाकडं आलं आहे.

मैत्रिणींनो, तुमच्याही आळीत एखादं मूल ओट्यावर बसून दुसऱ्यांचे खेळ बघत असेल. त्याच्या घरी जाल, तेव्हा हळहळू नका. शाळेचं काय केलंत, एवढं मात्र विचारा.