वजन लागतं, ताई
“वजन लागतं, ताई. हे बायकांचं काम नाही. विकून टाका आणि सेल्फवाली घ्या.” वीस वर्षं झाली, तरी हे वाक्य आठवलं की माझं डोकं तापतं.

गाडी आबांची. 1978ची बुलेट, जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाची. आबा साखर कारखान्याच्या शेती खात्यात होते. कोल्हापूर ते गगनबावडा या पट्ट्यातले उसाचे फड त्यांनी तिच्यावरूनच पालथे घातले. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या, याची सवय मला आठवड्यात झाली. किक जमायला दोन महिने गेले.

“लाथ घालायची नाही गं, पाय सोडायचा,” आबा सांगायचे. 346 सीसीचा एकच सिलिंडर. पिस्टन दाबावर आला की धिप्पाड गडी किकवर उभा राहिला तरी ती हलत नाही. जोर लावणारा तिथंच फसतो. चावी फिरवून किक हळूहळू दाबत न्यायची. हेडलाइटच्या वरचा अ‍ॅमीटरचा काटा उणेकडे झुकतो आणि पॉइंट उघडले की मध्यावर येतो. तिथं थांबायचं. डिकॉम्प्रेसर दाबून किक बोटभर पुढे न्यायची, तो सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकदाच, थेट खालपर्यंत. पहिला ठोका पडला की हँडल तळहातात थरथरायचं. तेव्हा माझं वजन 48 किलो होतं.

आबा गेल्यावर गाडी सर्व्हिसिंगला टाकली. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी सकाळी काटा मध्यावर आणला, पाय सोडला, आणि किक उलटी आली. घोट्यात वीज चमकल्यासारखं झालं. हाडाला बारीक तडा गेला होता. तीन आठवडे प्लास्टर. निरोप गेला तेव्हा गॅरेजवाल्याचं उत्तर आलं, ते सुरुवातीला सांगितलेलं.

प्लास्टर निघाल्यावर मी पॉइंटचं झाकण उघडलं. आतली अ‍ॅडव्हान्सची वजनं गंजून बाहेरच्या बाजूला अडकलेली आणि एक स्प्रिंग तुटलेली. म्हणजे पिस्टन वर येण्याच्या कितीतरी आधीच ठिणगी पडत होती, किक उलटणारच. बिलात मात्र ‘पॉइंट साफ, टायमिंग सेट’ असं लिहिलेलं.

तुटकी स्प्रिंग कागदात बांधून मी गॅरेजवर गेले. पाय अजून दुखत होता म्हणून धाकट्या भावाला सोबत घेतलं. मी स्प्रिंग टेबलावर ठेवली, बिल ठेवलं, काय झालं ते सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि भावाकडे वळून म्हणाला, “साहेब, जुन्या गाडीत असं होतं.” मी पुन्हा विचारलं, टायमिंग तपासताना वजनं हलवून पाहिली होती का? पुन्हा भावालाच उत्तर: “मॅडमना सांगा, जपून मारायची.” माझ्या भावाला आयुष्यात बुलेट चालू करता आलेली नाही. तोही गप्प राहिला. त्याचं ते गप्प राहणं मला गॅरेजवाल्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं, आणि हे मी त्याला आजवर सांगितलेलं नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. नवी स्प्रिंग मीच बसवली, वजनांना तेल दिलं, पॉइंटचा गॅप फीलर गेजनं लावला. मुलींना गाडी चालवायला शिकवतात, पण पान्याला हात लावू देत नाहीत, हे मला मुळीच पटत नाही. निदान प्लग काढून बघायला आणि पॉइंट घासायला तरी शिकवा.

आता गुडघा कुरकुरतो. थंडीत दोन-तीनदा पाय सोडावा लागतो, खाली उतरून दम खावा लागतो. किकशिवाय बुलेट म्हणजे बुलेटच नाही असं मी वर्षानुवर्षं भांडून सांगितलं. गेल्या महिन्यात मैत्रिणीची सेल्फवाली चालवली. बटण दाबलं, चालू झाली, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं. तशी एक घ्यावी असं मनात येतंय. पण घेतली तर त्या माणसाचंच खरं झाल्यासारखं होईल, म्हणून अजून थांबलेय.