पन्नासच्या नोटेत दख्खनचं दार

डोंगरावर गड, खाली नदी, नदीकाठी वेशीतलं जुनं गाव आणि बोळाच्या टोकाला मिठाईवाला. असं काही पाहायला ओळखीतली माणसं इटलीला जातात, त्यासाठी वर्षानुवर्षं पैसे बाजूला टाकतात आणि परतल्यावर टस्कनीतल्या डोंगरगावांचे फोटो दाखवतात. फोटो छानच असतात. मला मात्र ते बघताना बुऱ्हाणपूर आणि त्याच्या डोक्यावरचा असीरगड आठवतो. भुसावळहून तासाभराच्या अंतरावर हे सगळं उभं आहे आणि जनरलचं तिकीट पन्नासच्या नोटेत बसतं.

रावेर मागे पडलं, वाघोडा गेलं, तरी खिडकीबाहेर केळीच. राज्य बदललं हे फलाटावरच्या पाटीवरून कळतं, शेतावरून नाही. स्टेशन लालबागेत, शहराच्या बाहेर. रिक्षावाल्याशी मी हिंदीत घासाघीस सुरू केली. त्यानं एकदा माझ्या पिशवीकडे, एकदा तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बसा ना भाऊ, शनवाऱ्याला उतरवतो, सगळे देतात तेच द्या." शनवारा, इतवारा ही इथल्या वेशींची नावं. पेठा काय त्या आपल्याच, असं समजणाऱ्या पुणेकरानं इथं एक चक्कर जरूर मारावी. गावाभोवतीचा हा तट १७३१ साली निजामानं बांधला. आता त्याच्या कमानीखालून कापसाच्या गाठी, केळीचे घड आणि शाळेच्या रिक्षा जातात. बोळात शिरलं की घराघरांतून यंत्रमागाची खडखड ऐकू येते, ती मुक्काम हलवेपर्यंत पाठ सोडत नाही.

फारुकी सुलतानांनी हे गाव वसवलं आणि खुलताबादचे सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव त्याला दिलं. नदीपलीकडचं जैनाबाद त्यांच्याच शिष्याच्या नावाचं. पुढची दोन-तीनशे वर्षं मात्र इथं जो आला तो दुसरीकडे जाता जाता. अकबराचा मुलगा दानियाल दख्खनच्या कारभारासाठी आला आणि दारूपायी इथंच संपला. इंग्रज वकील टॉमस रो १६१५ साली जहांगिराच्या दरबाराकडे जाताना थांबला. मुमताज नवऱ्याच्या मोहिमेसोबत आली आणि १६३१ च्या जूनमध्ये चौदाव्या बाळंतपणात गेली. आग्र्याला नेईपर्यंत तिचा देह नदीपलीकडच्या आहुखाना बागेत होता. पुरंदरचा तह करवून घेणारे मिर्झाराजे जयसिंग दख्खनेतून परतताना १६६७ साली इथंच वारले, त्यांची छत्री तापीकाठी आहे. १६८१ च्या सुरुवातीला संभाजीराजांच्या फौजेनं शहराबाहेरचे सधन पुरे लुटले आणि त्याच वर्षाअखेर औरंगजेब स्वतः येऊन दाखल झाला. दख्खनच्या वाटेवरचा हा थांबा होता. आजही मराठी माणूस इथून जातो तो बहुधा रात्रीच्या गाडीत, वरच्या बर्थवर झोपलेला.

पैसे कमी असले की पायी फिरावं लागतं, आणि पायी फिरलं की जामा मशीद गांधी चौकाच्या गर्दीतच लागते. दोन उंच मिनार आणि घुमटाचा पत्ता नाही. आत कमानींच्या रांगेतून चालत भिंतीच्या टोकाला जावं. तिथं अरबीसोबत संस्कृत शिलालेख आहे, देवनागरीत कोरलेला. सृष्टिकर्त्याला नमन, फारुकी राजांची वंशावळ आणि मग संवत, शके १५११, पौष महिना, तिथी, वार, नक्षत्र असं सगळं रीतसर पंचांग. मशिदीच्या भिंतीवर पंचांग कोरून घेणाऱ्या त्या फारुकी आदिलशहाला आणि ते सांगणाऱ्या जोशीबुवांना एकदा एकत्र बसलेलं पाहायला हवं होतं, असं मला फार वाटलं. इथं तिकीट नाही. चपला काढायच्या, एवढंच.

जेवणाचीही चैन स्वस्तात होते. खान्देशात मांडे म्हटलं की पुरण आलं. इथले मांडे साधे, हातावर फिरवून फिरवून चादरीएवढे केलेले, आणि ते रश्श्यात बुडवून खायचे. गुरू गोविंदसिंग १७०८ साली इथं राहिले होते. त्यांच्या आठवणीतल्या बडी संगत गुरुद्वाऱ्यात पंगतीला बसलं तर खिशात हातही घालावा लागत नाही. वाचलेल्या पैशांची मावा जिलेबी घ्यावी. खव्याचं दाट पीठ कापडातून कढईत पिळलं जातं. कारागीर जाड, वेडीवाकडी वेटोळी काढतो आणि ती तांबूस काळी होईपर्यंत घाई करत नाही. मग ती पाकात बुडते. एक खाल्ली की दुसरीची हिंमत होत नाही, तरी माणूस दुसरी मागतो. मुंबईत रमजानच्या दिवसांत मोहम्मद अली रोडवर हीच जिलेबी बुऱ्हाणपूरच्या नावानं विकली जाते.

शाही किल्ल्यातला मुमताजचा हमामखाना सगळेच बघतात. छतावरची फिकटलेली नक्षी सुंदर आहे, गाइडच्या गोष्टी लांबलचक आहेत. मी तिथं फार रेंगाळलो नाही. माझा जीव अडकला तो लालबागेजवळच्या कुंडी भंडाऱ्यात.

वरून पाहिलं तर माळावर काही अंतराअंतरानं विहिरींची गोल तोंडं, एका रेषेत सातपुड्याच्या दिशेनं गेलेली. लिफ्टनं सुमारे ८० फूट खाली उतरलं की पाय थेट गार पाण्यात पडतात. समोर माणूस चालू शकेल असा बोगदा. चुन्याचा थर साचून साचून त्याच्या भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्यात. हात लावला तर गुळगुळीत आणि ओल्या. वर बघावं तर कुंडीच्या तोंडातून आलेला उजेड, रुपयाच्या नाण्याएवढा. सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीच्या पोटातून तापीकडे निघालेलं असतं. त्याला वाटेत कुंड्या खणून अडवायचं, कुंड्या बोगद्यानं जोडायच्या, बोगद्याला बेताचा उतार द्यायचा, की पाणी आपल्या पायानं शहरात येतं. मोट नाही, रहाट नाही. इराणी जाणकाराच्या सल्ल्यानं अब्दुर्रहीम खानखानानं, म्हणजे दोहे लिहिणाऱ्या रहीमनं, १६१५ साली ही योजना केली. असे एकूण आठ भंडारे होते. चारशे वर्षांपूर्वीचं हे पाणी आजही वाहतं. मुघलांनी इथं महाल बांधले, बागा लावल्या. माझ्या मते त्यांनी बुऱ्हाणपुरात केलेलं सगळ्यात मोठं काम हे आहे, आणि ते जमिनीखाली असल्यामुळे फोटोत नीट येत नाही.

असीरगड शहरापासून वीसेक किलोमीटर, इंदूरच्या रस्त्यावर. एसटीत वाढलेल्या माणसाला तिथली खाजगी बस परकी वाटत नाही. बोकडही चढतो, वऱ्हाडही चढतं. पायथ्याला उतरून पायवाटेनं चढावं. दम लागतो, पण त्याशिवाय हा गड अकबराला इतके महिने का दमवत होता ते कळत नाही. जानेवारी १६०१ मध्ये तो पडला, आणि त्यात तोफांइतकाच सोन्याचाही हात होता असं म्हणतात. मराठी माणसासाठी मात्र दुसरी तारीख महत्त्वाची. एप्रिल १८१९ मध्ये शिंद्यांचे किल्लेदार जसवंतराव लाड यांनी हा गड इंग्रजांच्या हवाली केला आणि तिसऱ्या इंग्रज-मराठे युद्धातली लढाई इथं थांबली. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं त्यानंतर जवळपास दीड वर्षानं. वर मशीद आहे, तळी आहेत, गोऱ्यांची थडगी आहेत आणि महादेवाचं देऊळ आहे. पहाटे अश्वत्थामा येऊन पिंडीवर फूल वाहून जातो, असं गावकरी सांगतात. कपाळाच्या जखमेवर लावायला तो तेल मागतो, तेव्हा सोबत छोटी बाटली ठेवायला हरकत नाही.

जायचं तर पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरात जा. उन्हाळ्यात तो चढ अंगावर येतो. सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळच्या गाडीनं परतू नका, दोन रात्री राहा. स्टेशन लालबागेतच असल्यामुळे कुंडी भंडारा परतीच्या दिवसासाठी ठेवा. पायात चपला घाला, बूट भिजतात.