एस.ओ.एम.ची केटी

ज्या विषयात 'स्ट्रेस' म्हणजे काय ते शिकवतात, नेमक्या त्याच विषयात माझी केटी लागली. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स. एस.ई.च्या पहिल्या सेमिस्टरची गोष्ट. पासिंगला ४० मार्क हवे होते, मला मिळाले ३१. संध्याकाळी घरून फोन आला. अण्णांनी विचारलं, "काय रे, लागला का निकाल?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, ऑल क्लिअर."

दोनच शब्द, पण पुढे तीन महिने पुरले.

तसं पाहिलं तर केटी ही हॉस्टेलमध्ये काही बातमी नाही. आमच्या विंगमध्ये ज्याला एकही केटी नाही त्याच्याकडेच लोक संशयाने बघतात. पण आमचे अण्णा एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. माझी ॲडमिशन झाली तेव्हा सगळ्या वर्कशॉपला पेढे वाटून आलेला माणूस. त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार?

ताण मला नवीन नव्हता. ओरलचा ताण आपण सगळेच घेतो. एक्स्टर्नल आत बसलेला, पुढचा रोल नंबर आपला आणि हातात रात्री दुसऱ्याचं बघून पूर्ण केलेलं जर्नल. तळहात ओले, तोंड कोरडं, छातीत धडधड, पोटात गोळा. त्या वेळी शरीरात काय चाललेलं असतं? मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. त्या ग्रंथी काही सेकंदांत रक्तात ॲड्रिनलिन सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. पचन, लाळ वगैरे खाती तात्पुरती बंद. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ सालच्या आपल्या पुस्तकात हे मांडलं. संकट आलं की शरीर एक तर लढायला किंवा पळायला तयार होतं. एक्स्टर्नलशी लढता येत नाही आणि पळताही येत नाही, हा भाग वेगळा!

पाठोपाठ दुसरा गडी येतो, कॉर्टिसॉल. तो सावकाश चढतो, साधारण अर्ध्या तासात शिखरावर पोचतो आणि इंधनाचा पुरवठा चालू ठेवतो. गंमत म्हणजे तो स्वतःच मेंदूला 'आता पुरे' असा निरोप देतो. कंट्रोल सिस्टिम्समधला निगेटिव्ह फीडबॅक तो हाच. ओरल संपते, आपण कॅन्टीनमध्ये दोन वडापाव हाणतो आणि थोड्या वेळात सगळं जागच्या जागी. लोड काढला की स्प्रिंग पूर्ववत. हा ताण वाईट नाहीच. तो नसता तर पी.एल.मध्ये एकानेही पुस्तक उघडलं नसतं.

माझ्या 'ऑल क्लिअर'चं तसं नव्हतं. दर रविवारी संध्याकाळी अण्णांचा फोन यायचा. मोबाइल वाजला की तीच धडधड. पण फोन ठेवल्यावर ती थांबायची नाही, कारण पुढचा रविवार होताच. फेब्रुवारीत पहाटे चारला आपोआप जाग यायला लागली. मेसचं जेवण सगळ्यांनाच जळजळ देतं म्हणून ॲसिडिटीकडे लक्ष दिलं नाही. तोंड आलं. सर्दी झाली ती महिनाभर मुक्कामाला राहिली. सर्वांत वाईट म्हणजे वर्गात सर बोलतायत ते ऐकू यायचं, पण डोक्यात काही उतरायचं नाही. रूमपार्टनर म्हणाला, "प्रेमात पडलायस काय?" म्हटलं, तेवढं नशीब कुठलं.

मार्चमध्ये व्हॉलीबॉल खेळताना पडलो. नडगी सोलवटली. साधं खरचटलेलं, पण तीन आठवडे झाले तरी जखम ओलीच. कॉलेजजवळच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी रक्तातली साखर तपासून घेतली. नॉर्मल. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "झोप लागते का रे? घरी सगळं ठीक ना?" मला एकदम रडूच आलं. मेकॅनिकलचा पोरगा, दवाखान्यात, चार पेशंटसमोर! लाजिरवाणा प्रकार होता, पण झाला खरा.

डॉक्टर म्हणाले, "जखमेचं औषध देतो, पण फक्त जखमेचंच." तो किडा डोक्यात घेऊन मी वाचायला बसलो. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सापडला. डेंटलच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर संशोधकांनी मुद्दाम छोटी जखम केली, एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, म्हणजे ४० टक्के अधिक वेळ. कारण तेच कॉर्टिसॉल. अर्धा तास आलं तर मदतनीस. महिनोन्महिने घरात ठाण मांडून बसलं तर झोप मोडतं, रक्तदाब वाढवतं, रोगाशी लढणाऱ्या पेशींचे हात बांधतं आणि मेंदूतल्या आठवणींच्या कप्प्यालाही त्रास देतं. माझ्या नडगीचं कारण एवढंच होतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तीन महिने झोप उडालेलं शरीर दुसरं काय करणार?

'स्ट्रेस' हा शब्द या अर्थाने रूढ केला तो मॉन्ट्रियलच्या हान्स सेल्ये यांनी. १९३६ साली त्यांनी 'नेचर'मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांबद्दल छोटंसं टिपण लिहिलं. थंडी असो, जखम असो की विषारी औषध, शरीराची प्रतिक्रिया सारखीच. आधी धोक्याची जाणीव, मग तग धरणं, आणि ताण हटलाच नाही तर शेवटी थकून कोसळणं. आपण 'स्ट्रेन' म्हणायच्या ऐवजी 'स्ट्रेस' म्हणून बसलो, असं त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं. थोडक्यात, एस.ओ.एम. त्यांनाही अवघडच गेलं असतं.

एप्रिलच्या एका शनिवारी सरळ एस.टी. पकडली. रात्री जेवणं झाल्यावर अंगणात अण्णांना सांगितलं. केटीही सांगितली आणि खोटं बोललो तेही. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "केटीचं काय नाय. पण तीन महिने एकटाच घेऊन फिरलास?" थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "गाडी खड्ड्यात आपटती, पाटे खाली जात्यात, वर येत्यात. त्यासाठीच केलेत ते. पण माल भरून गाडी तशीच उभी ठिवली, की पाटे बसत्यात. मग रिकामी केली तरी गाडी वर येत नाय."

पूर्ण सेमिस्टरमध्ये मला जे कळलं नव्हतं ते अण्णांनी अंगणात बसून दोन मिनिटांत शिकवलं.

त्यानंतर जादूची कांडी फिरली असं काही नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या पुढेही महिनाभर चालू होत्या, पहाटेची जाग जायला तर पावसाळा उजाडला. पण जखम भरली आणि मे महिन्यात केटीही निघाली. ५२ मार्क.

मित्रांनो, आपल्या विंगमध्ये आजही कोणीतरी 'ऑल क्लिअर' सांगून बसलेला असेल. घरी सांगायची हिंमत होत नसेल तर रूमपार्टनरला सांगा, रेक्टर सरांना सांगा. तेही जमत नसेल तर २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा आहे, नंबर १४४१६. रात्री-अपरात्रीही फोन उचलतात.

अण्णांचा फोन अजून दर रविवारी येतो. आता ते निकाल विचारत नाहीत. पहिला प्रश्न असतो, "गाडी रिकामी हाय ना रे?"

— बी.ई. (मेकॅनिकल)