डावं पान

नववीच्या इतिहासाच्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘इतिहासाची साधने’ हा आहे. लिखित, भौतिक, मौखिक, दृक्‌-श्राव्य ही वर्गवारी मुलं दोन दिवसांत पाठ करतात, चाचणीत लिहितात आणि विसरून जातात. यातलं मौखिक साधन आपल्याच ओट्यावर तांदूळ निवडत बसलेलं असतं, हे त्यांना धडा वाचून काही खरं वाटत नाही. ते खरं वाटावं यासाठी मी बरंच काही करते. त्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे वर्गातल्या प्रत्येक रांगेला एक अशी दोनशेपानी वही.

रांगेत दहा-बारा मुलं. वही रोज एकाच्या घरी जाते. उजव्या पानावर त्या दिवशीच्या मुलानं लिहायचं: वर्गात जे झालं त्यातलं काय पटलं नाही, काय कळलं नाही, कशावरून घरचं काही आठवलं. डावं पान कोरं सोडायचं. दुसऱ्या दिवशी वही ज्याच्याकडे जाईल, त्यानं आधी त्या कोऱ्या पानावर आदल्या दिवशीच्याला उत्तर द्यायचं आणि मगच स्वतःचं लिहायचं. मागाहून आणखी कोणाला भर घालायची असेल तर तीही डाव्या पानावरच. मी ऑफ तासाला एक-दोन वह्या वाचते. शुक्रवारचा तास त्यांच्यावरच्या चर्चेचा.

सगळा जीव त्या डाव्या पानात आहे. फक्त माझ्यासाठी लिहायला सांगितलं, तर मुलं मला आवडेल ते लिहितात. ‘हा धडा मला खूप आवडला, यातून आपण चांगला बोध घेतला पाहिजे’ हे वाक्य मी कितीतरी वह्यांत वाचलं आहे; ते कोणत्याही धड्याखाली बसतं. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत स्वमताचा प्रश्न असतो. त्याची तयार उत्तरं गाईडमध्ये मिळतात आणि मुलं आपलं मत म्हणून तीच पाठ करतात. त्यात मुलांचा काय दोष? ज्याच्या हातात गुण, त्याला रुचेल असंच कोणीही लिहील. शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या हातात गुण नसतात. पण ‘तू लिहिलंस ते खोटं आहे, तुझं घर मला माहीत आहे’ असं तो म्हणू शकतो. अशा वाचकासमोर मुलं आपोआप खरं लिहायला लागतात.

एका वर्षीची गोष्ट सांगते. आर्थिक विकासाचा धडा चालू होता आणि बोलता बोलता बहात्तरच्या दुष्काळावर आले. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती, हे मी फळ्यावर लिहिलं. आकडा मोठा, वर्ग शांत. त्या रात्री वही खिडकीकडच्या एका मुलीकडे होती. तिनं लिहिलं: ‘आमची आजी पण त्यात होती. ती आपल्या गावच्या पाझर तलावावर खडी फोडत होती. तिला सुकडी मिळायची आणि लाल मिलो ज्वारी. भाकरी कडक व्हायची. आजी म्हणते, हाताला घट्टे पडले पण चूल पेटली. तिला तो तलाव बघून बरं वाटतं.’

डाव्या पानावर दुसऱ्या दिवशीच्या मुलाचं उत्तर होतं: ‘तुझ्या आजीला ज्या तलावावर मजुरी मिळाली त्याच तलावात आमची साडेतीन एकर गेली. आजोबा तिकडून बैल पण नेत नाहीत. तुला बरं वाटतं ते लिहिलंस, आम्हाला काय वाटतं ते पुस्तकात पण नाही आणि मॅडमनी पण सांगितलं नाही.’

त्याच पानाच्या तळाशी तिसऱ्या एका मुलानं बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘आमच्याकडं जमीनच नव्हती. मग आमचं काय गेलं?’

ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. तीन मुलांनी मिळून एका तलावाच्या भिंतीकडे तीन बाजूंनी बघितलं होतं आणि कोणीही दुसऱ्याचं खोडून काढलं नव्हतं. शुक्रवारी मी ते पान त्यांना विचारूनच वाचून दाखवलं. नंतर एकच गोष्ट विचारली, ‘यातलं खरं काय, हे शोधायचं असेल तर कुठं जायचं?’ एरवी तासभर तोंड न उघडणारी पोरं बोलायला लागली. कोणी म्हणालं तलाठ्याकडे, कोणी म्हणालं म्हाताऱ्यांकडे, एक जण म्हणाला की तलावाच्या भरावावर जाऊन बघू, सांडव्यापाशी दगडात साल कोरलेलं आहे. पुढच्या आठवड्यात तो साडेतीन एकरवाला मुलगा घरातल्या पत्र्याच्या पेटीतून जुन्या फेरफाराचा उतारा घेऊन आला. पानाच्या घड्या फाटलेल्या, पण संपादनाची नोंद वाचता येत होती. फेरफार हे लिखित साधन, भराव हे भौतिक, आजी हे मौखिक. पहिल्या धड्यातली ती वर्गवारी मुलांनीच फळ्यावर मांडली. कोणालाही ती पाठ करावी लागली नाही.

खिडकीकडच्या मुलीनं आजीला परत विचारलं आणि वही पुन्हा तिच्याकडे आली तेव्हा लिहिलं: ‘आजी म्हणाली, ते वावर कोणाचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तेव्हा कोण विचारत होतं.’ राज्याचा रोजगार हमी कायदा १९७७ चा. ते साल मी नंतर सांगितलं, तेव्हा वर्गातून प्रश्न आला की काम मागणाऱ्याचा हक्क कायद्यात आला, मग जमीन देणाऱ्याचा कुठं आला? भूसंपादनाचा १८९४ चा इंग्रजी अमदानीतला कायदा २०१३ पर्यंत चालू होता, हे नववीच्या तासाला सांगण्याची पाळी माझ्यावर त्या प्रश्नामुळे आली. पाठ्यपुस्तक तिथवर जात नाही. मुलं गेली.

वहीत लिहिताना माझ्या हातात लाल पेन नसतं. मी पेन्सिल वापरते आणि एका पानावर एकच ओळ लिहिते, तीही प्रश्नाची. ‘आजोबा तिकडून बैल नेत नाहीत, हे तुला कोणी सांगितलं की तू पाहिलंस?’ एवढंच. ‘छान’, ‘उत्तम’, ‘अक्षर सुधारा’ हे शेरे लिहायचे नाहीत, असं मी ठरवून टाकलं आहे, कारण ‘छान’ म्हटलं की मूल तिथेच थांबतं. शुद्धलेखनाच्या चुका वहीत दुरुस्त करत नाही. बऱ्याच जणांची सारखी चूक दिसली, तर ती मराठीच्या तासाला नाव न घेता फळ्यावर घेते. आमच्याकडची पोरं ‘वावर’ म्हणतात, ‘तिकडं’ म्हणतात. ते तसंच राहू देते. परीक्षेची भाषा त्यांना शिकवायचीच आहे, ती निराळ्या वहीत शिकवता येते.

चर्चेच्या तासाला एक पद्धत मी बार्बियानाच्या मुलांकडून घेतली. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरातल्या बार्बियाना या वस्तीत लॉरेन्झो मिलानी नावाच्या धर्मगुरूनं गरिबांच्या मुलांची शाळा चालवली. शाळेतून नापास होऊन बाहेर पडलेल्या त्या मुलांपैकी आठ जणांनी मिळून शिक्षिकेला लिहिलेलं पत्र १९६७ मध्ये पुस्तकरूपानं आलं. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावानं वाचायला मिळतं. ती मुलं एकेक मुद्दा सुट्या चिठ्ठीवर लिहीत, मग चिठ्ठ्या एकत्र मांडून सारख्या मुद्द्यांचे गठ्ठे करत. आम्हीही तेच करतो. ज्याला उभं राहून बोलायची भीती वाटते, त्याची चिठ्ठी त्याच्या वतीनं टेबलावर येते आणि निम्मी भीती तिथेच जाते.

हे काही माझं नवं खूळ नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढत. त्याच्याही कितीतरी आधी, १८५५ मध्ये, पुण्याला फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळकरी वयाच्या त्या मुलीनं धर्माला आणि समाजाला थेट प्रश्न विचारले. तिला अक्षरओळख मिळाली, तसे ऐकून घेणारे शिक्षक मिळाले आणि वाचकही मिळाला. आपल्या शाळा अक्षरओळख आता सगळ्यांना देतात. पुढच्या दोन्ही गोष्टी मात्र फार थोड्यांना.

वहीत कधी असंही येतं, जे चर्चेला घ्यायचं नसतं. म्हणून पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगते. कोणाला फक्त मीच वाचावं असं वाटलं, तर ते सुट्या कागदावर लिहून घडी घालून माझ्या हातात द्यायचं. आणि दुसरी, जीवाला किंवा अंगाला धोका असेल असं काही कळलं, तर ते मी माझ्यापाशी ठेवणार नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती ज्याला आहे, त्यानं ती पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्यानं बंधनकारक केलं आहे. घरचे आपलं लग्न जमवत असल्याचं एखादी मुलगी लिहिते, तेव्हाही गप्प बसता येत नाही. १०९८ हा चाईल्ड हेल्पलाईनचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर मुलांकडूनच लिहून घेते. लिहितं करायचं आणि लिहिलेलं सांभाळायचं नाही, हा मोठा विश्वासघात होईल.

शिक्षकखोलीत हमखास विचारतात, पोर्शन कसा पूर्ण होतो? होतो, कारण वहीत जे येऊन गेलं ते पुन्हा शिकवावं लागत नाही. ‘आठवीपर्यंत आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी आहेतच, मग हे आणखी कशाला?’ असंही विचारतात. त्या नोंदी मुलांविषयी आम्ही लिहितो. ही वही मुलं लिहितात. तिला गुण द्यायचे नाहीत, तपासनीसाला दाखवायला सजवायची नाही. प्रदर्शनात मांडायची म्हटलं की मुलं पुन्हा बोध लिहायला लागतात.

शिक्षकमित्रांनो, जूनमध्ये एका वर्गाला, एका रांगेला एकच वही देऊन बघा आणि डावं पान कोरं ठेवायला विसरू नका. आणि घरच्या मोठ्या माणसांना एक विनंती. संध्याकाळी तुमचं नववीतलं पोर वही उघडून तुमच्यासमोर बसलं आणि बहात्तर सालचं, गिरणीच्या संपाचं, गावातल्या जुन्या विहिरीचं किंवा तुमच्या शाळा सुटण्याचं विचारायला लागलं, तर ‘तुला काय करायचंय ते’ असं म्हणू नका. टीव्ही बंद करा आणि आठवतं तेवढं सगळं सांगा. जे सांगाल ते दुसऱ्या दिवशी वर्गात कोणीतरी नीट वाचणार आहे.