श्रीपालाच्या ठाण्यात एक नाट्यसंध्या

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेस उतरून जांभळी नाक्याची गजबजलेली बाजारपेठ ओलांडली, की मासुंदा तलावाचा काठ लागतो. ठाणेकर त्याला तलावपाळी म्हणतात. तलावाजवळ कौपिनेश्वराचे जुने मंदिर आहे आणि काठावर १९७८ साली सुरू झालेले राम गणेश गडकरी रंगायतन. टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर येथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. कोकण शत्रुंजय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मंदिरात श्रीपाल-मयणासुंदरीच्या कथेतील प्रसंग पाहायला मिळतात. एकाच संध्याकाळी दर्शन आणि नाटक दोन्ही साधावे, अशी ही जवळीक आहे. ती केवळ अंतराची नाही.

भोजन आणि नाटक एकत्र गुंफण्याची रीत पाश्चात्त्य देशांत रुळलेली आहे. प्रेक्षक मेजाशी जेवत असतात, पात्रे त्यांच्यातच वावरतात आणि बोलता बोलता त्यांना कथेत ओढून घेतात. न्यूयॉर्कमध्ये १९८०च्या दशकात गाजलेल्या ‘टोनी अँड टीनाज वेडिंग’ या प्रयोगात तिकीट काढून येणारा प्रत्येक जण लग्नाचा पाहुणा ठरत असे. पंगतीत बसून जेवत असे आणि वधूवरांच्या नातलगांशी गप्पा मारत असे. हा प्रकार आज नवा वाटतो. परंतु पाहणाऱ्याला खेळात ओढून घेणारा एक विलक्षण प्रयोग जैन कथेने ठाण्याच्याच राजसभेत घडवला आहे.

रत्नशेखरसूरींनी विक्रम संवत १४२८ मध्ये प्राकृतात ‘सिरिवाल कहा’ रचली. पुढे विनयविजयजींनी रांदेर येथे आरंभिलेला श्रीपाल रास यशोविजयजींनी पूर्ण केला. चैत्र आणि आश्विनातील आयंबिलाच्या ओळीत घरोघरी ऐकली जाते ती हीच कथा. श्रीपालाची जहाजे आणि वैभव पाहून धवलशेठाच्या मनात हाव उत्पन्न झाली. त्याने श्रीपालाला समुद्रात लोटले; पण नवपदांचे स्मरण करणारा श्रीपाल मगरीच्या पाठीवरून कोकणच्या किनाऱ्यास, ठाणे बंदरी लागला. राजा वसुपालाने त्याला आपली कन्या मदनमंजरी दिली. राजसभेत येणाऱ्यांना विडा देऊन सन्मान करण्याचे काम श्रीपालाकडे आले.

काही काळाने धवलशेठ नजराणा घेऊन त्याच सभेत आला आणि विडा देणाऱ्या हाताकडे पाहून हादरला. त्याने नटांच्या एका ताफ्याला द्रव्य देऊन फितवले. नटांनी राजापुढे खेळ केला. श्रीपाल विडा द्यायला पुढे होताच त्यांनी त्याला कवटाळले. कोणी त्याला मुलगा म्हटले, कोणी भाऊ. क्षणार्धात यजमान पात्र झाला आणि सभा न्यायासन झाली. कुळ लपवून राजकन्या वरल्याचा ठपका त्याच्यावर आला. बंदरातील जहाजांवर असलेल्या त्याच्या पत्नींनी साक्ष दिली, तेव्हा सत्य उजेडात आले आणि नटांनी धवलशेठाचे नाव घेतले. श्रीपालाने मात्र त्याला शिक्षेपासून सोडवले.

व्यापारी घरांना या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पेढीवर माल असतो, तिजोरीत रक्कम असते. परंतु माणूस बाजारात उभा असतो तो पतीवर, म्हणजे आपल्याविषयी इतरांनी दिलेल्या ग्वाहीवर. धवलशेठाने श्रीपालाचा माल तर बळकावलाच. पण ठाण्याच्या सभेत त्याने हात घातला तो पतीला. तेथे श्रीपालाच्या कामी आली ती घरच्या माणसांची साक्ष.

हाच प्रश्न उलट्या बाजूने पाहायचा असेल, तर कल्याणकडे वळावे. कल्याण हेही जुने बंदर. कान्हेरीच्या शिलालेखांत येथील व्यापाऱ्यांच्या दानांची नोंद आहे. शहराच्या नाट्यगृहाला आचार्य अत्रे यांचे नाव आहे. अत्र्यांचे १९६२ साली रंगभूमीवर आलेले ‘तो मी नव्हेच’ हे नाटक न्यायालयातच घडते. निरनिराळी नावे घेऊन लोकांना फसवणारा आरोपी प्रत्येक साक्षीदाराला ओळख नाकारतो. प्रेक्षकाला कोणी मंचावर बोलावत नाही, तरी निवाडा त्याच्या मनात चालू राहतो. श्रीपालावर खोटे नाते लादले गेले. येथे खरी नाती झिडकारली जातात. दोन्हीकडे कसोटी पतीचीच.

आता प्रश्न भोजनाचा. रात्री ताट मांडून नाटक दाखवणारा प्रयोग चोविहार पाळणाऱ्या कुटुंबाला मानवणारा नाही. मराठी नाट्यगृहातील मध्यंतराचा लाडका बटाटावडाही कंदमुळामुळे वर्ज्य. म्हणून नाटक सोडण्याचे मात्र कारण नाही. दुपारी साडेचारच्या सुमारास सुरू होणाऱ्या प्रयोगाचे मध्यंतर साधारण सहाच्या आसपास येते. वैशाखात तेव्हा ऊन असते आणि घरून नेलेला कच्च्या केळ्याचा वडा व खाखरा नाट्यगृहाबाहेर निवांत खाता येतो. मार्गशीर्षात मात्र त्याच वेळी सूर्य मावळत असतो, म्हणून आधीच जेवून निघणे बरे. रात्रीच्या प्रयोगाला जायचे असल्यास जेवण सूर्यास्तापूर्वी उरकावे. डोंबिवलीकरांना तर सावित्रीबाई फुले कलामंदिर गावातच आहे.

अडचण खरी आहे ती दुकानाची. साडेचारच्या खेळासाठी आठवड्यातील एक दुपार गल्ला बंद ठेवावा लागतो आणि त्या दुपारचा धंदा पुन्हा मिळत नाही. पण दुकानातील कर्ता पुरुष, घरातील सासू-सुना आणि महाविद्यालयातील मुले एका रांगेत बसून एकच गोष्ट पाहतात, तेव्हा परतीच्या लोकलमध्ये त्यांना बोलायला समान विषय असतो. माणूस पारखण्याचे शिक्षण वहीखात्यातून उशिरा मिळते. ते अशा गप्पांतून मुलांना आधी मिळू शकते. पुढच्या आयंबिल ओळीत श्रीपाल ठाण्याच्या सभेत विडा घेऊन उभा राहील, तेव्हा ती सभा कोठे भरली होती, हेही त्यांना ठाऊक असेल.