चित्राच्या कोपऱ्यातली सही

पडद्यावरील नट आणि चित्रकार हे दोन्ही एकाच व्यक्तीत नांदत असले, की त्यांपैकी एकाला व्यवसाय आणि दुसऱ्याला छंद ठरवून मोकळे होण्याची समीक्षेची जुनी सवय आहे, आणि छंदाचा शिक्का बहुधा चित्रकलेच्याच कपाळी बसतो. ही वाटणी सोयीची असली, तरी अशा कारकिर्दीची आतली घडण तिच्यातून कळत नाही. चित्रपटात नट हा चित्राचा कर्ता नसून चित्राचे द्रव्य असतो. त्याचा चेहरा किती जवळून दिसावा, त्यावर उजेड कोणत्या बाजूने पडावा आणि तो प्रेक्षकासमोर किती काळ टिकावा, हे दिग्दर्शक, छायालेखक आणि संकलक, म्हणजे चित्रित तुकड्यांतून निवड करून त्यांची सलग जोडणी करणारा तंत्रज्ञ, असे तिघे मिळून ठरवतात. हाच नट कागदासमोर बसला, की ते सारे निर्णय त्याच्या एकट्याच्या हाती येतात आणि त्यांची जबाबदारीही त्याच्या एकट्यावर पडते. त्यामुळे नटाच्या चित्रकलेकडे फावल्या वेळेचा विरंगुळा म्हणून पाहण्यापेक्षा, दुसऱ्याच्या चौकटीत आयुष्य घालवलेल्या माणसाने स्वतःसाठी आखलेली चौकट म्हणून पाहणे अधिक न्याय्य ठरते.

तुकईथडसारख्या गावातून या प्रश्नाकडे पाहिले, तर त्याची आणखी एक बाजू दिसू लागते. सातपुड्याच्या कुशीत, मेळघाटाच्या शेजारी वसलेले हे गाव खंडवा-अकोला या मीटरगेज लोहमार्गावरील स्थानक होते, आणि २००३ मध्ये बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत त्याचा समावेश खंडव्याच्या म्हणजे पूर्व निमाडच्या जिल्ह्यात होता. त्याच खंडव्यात वाढलेल्या अशोककुमारांनी बॉम्बे टॉकीजमध्ये तांत्रिक विभागात काम करता करता, जवळजवळ अनिच्छेने, १९३६ च्या ‘जीवन नैया’मध्ये पडद्यावर पाऊल टाकले आणि १९४३ च्या ‘किस्मत’नंतर देशभर नाव मिळवले. ते चित्रे रंगवीत, होमिओपॅथीची औषधेही देत. मात्र निमाडातील ज्या प्रेक्षकांना त्यांच्या चेहऱ्याची प्रत्येक रेषा पाठ होती, त्यांच्यापैकी फार थोड्यांनी त्यांचे एखादे चित्र पाहिले असेल. चित्रपटाची रिळे पत्र्याच्या डब्यांतून गावोगाव फिरतात, चित्राकडे मात्र पाहणाऱ्यालाच जावे लागते, आणि नट-चित्रकाराच्या दोन कारकिर्दींमधील विषमतेचे मूळ प्रतिभेच्या कमी-अधिकपणात शोधण्याआधी या साध्या भेदात शोधले पाहिजे.

मराठीत या विषयाचे सर्वांत भरीव उदाहरण कोल्हापूरचे आहे, आणि ते तेथेच घडावे याला कारण आहे. कोल्हापुरात चित्रपट जन्माला आला तोच चित्रकारांच्या हातून. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, ज्यांना सारा महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो, ते आणि त्यांचे बंधू आनंदराव हे संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे कारागीर होते; आनंदरावांच्या १९१६ मधील निधनानंतर बाबूरावांनी स्वतः कॅमेरा घडवण्याचे काम सिद्धीस नेले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. वेशभूषेची व दृश्यांची रेखाटने आधी कागदावर करावीत, रंगवलेल्या सपाट पडद्याऐवजी खोली असलेले नेपथ्य उभारावे आणि चित्रपटाची जाहिरातचित्रेही आपणच रंगवावीत, ही त्यांची रीत होती. आबालाल रहिमान यांच्यापासून चालत आलेली निसर्गचित्रणाची परंपरा याच गावात जिवंत होती. अशा वातावरणात नटाने ब्रश हाती धरणे ही नवलाची गोष्ट नव्हती. उलट एखाद्या चित्रकाराला उभे करून कॅमेऱ्यासमोर ढकलणे अधिक स्वाभाविक होते.

गोपाळ मांढरे, म्हणजेच चित्रपटातील चंद्रकांत, यांची घडण बाबूराव पेंटरांच्या याच परिसरात झाली. १९१३ मध्ये जन्मलेल्या चंद्रकांतांनी व्ही. शांताराम यांच्या ‘शेजारी’ (१९४१) या चित्रपटात काम केले, भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपती शिवाजी’मध्ये (१९५२) शिवाजीमहाराजांची भूमिका केली आणि ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या अनंत माने यांच्या तमाशापटात ते धाकटे बंधू सूर्यकांत यांच्यासह दिसले. सूर्यकांतही चित्रकार होते, त्यामुळे एकाच घरात दोन नट आणि दोन चित्रकार, पण माणसे मात्र दोनच, असा विरळा योग जुळून आला.

चंद्रकांतांचे नाव चित्रकलेत विशेष घेतले जाते ते पावडर शेडिंगसाठी. या पद्धतीत ओल्या रंगाचा व ब्रशाच्या फटकाऱ्याचा आधार न घेता कोरड्या रंगाची पूड बोटाने, कापसाने किंवा कापडाच्या बोळ्याने कागदावर घासत छटा उतरवल्या जातात. तिच्यात रेषा बाह्याकार ठरवत नाही. उजेडाकडून अंधाराकडे सरकणाऱ्या सावकाश छटांतूनच डोंगर, झाड, पाणी आणि धुके यांना घनता येते, आणि कागदावर मूळचा पांढरेपणा जेथे राखला जातो तेथे प्रकाश असल्याचा भास होतो. येथे एक अनुमान मांडण्याचा मोह आवरत नाही. कृष्णधवल चित्रपटात ज्याने उमेदीची वर्षे घालवली, आपल्या गालावरील सावली किती गडद ठेवली म्हणजे मुद्रा करारी दिसते हे ज्याने वर्षानुवर्षे दिव्यांच्या झोतात उभे राहून अनुभवले, त्याला रेषेपेक्षा छटेची भाषा जवळची वाटावी, यात योगायोगाचा भाग थोडाच असावा. अनुमान पुराव्याची जागा घेऊ शकत नाही हे खरे. तरी त्यांच्या चित्रांतील धूसर उजेड आणि त्या काळच्या छायालेखनातील उजेड यांचे नाते डोळ्यांना जाणवल्यावाचून राहत नाही.

याहून बोलकी बाब विषयांच्या निवडीची आहे. ऐतिहासिक चित्रपटांतील नायकाला शरीराची एक ठरावीक ठेवण सांभाळावी लागते. ताठ मान, रोखलेली नजर आणि मोजून टाकलेली पावले यांतून तो माणूस कमी आणि मूर्ती अधिक होतो, आणि प्रेक्षकही त्याला रस्त्यात भेटल्यावर त्याच मूर्तीचा मुजरा करतात. अशी भूमिका केलेल्या नटाने चित्रासाठी प्रामुख्याने निसर्ग निवडला, आपल्या घरालाही ‘निसर्ग’ हेच नाव दिले, आणि जेथे कोणाचाही चेहरा मध्यभागी नाही अशा दृश्यांवर पुन्हा पुन्हा काम केले. याला पलायन म्हणणे उथळपणाचे होईल, कारण चेहरा वगळल्यावरही चित्र उभे राहते का, ही परीक्षा कोणत्याही लोकप्रिय नटासाठी कठोरच असते.

या दोन कारकिर्दी एका ठिकाणी आल्या त्या १९९५ च्या ‘बनगरवाडी’ या चित्रपटात. माणदेशातील धनगरवस्तीवरची त्याची मूळ कादंबरी व्यंकटेश माडगूळकरांची, आणि माडगूळकर स्वतः रेखाटने करणारे लेखक. दिग्दर्शक अमोल पालेकर हे मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेले चित्रकार; आणि वस्तीच्या वृद्ध कारभाऱ्याच्या भूमिकेत ऐंशी ओलांडलेले चंद्रकांत. मूर्तीचा ताठा पूर्ण सोडून दिलेला, ऊन खाऊन सुरकुतलेला हा म्हातारा त्यांच्या आधीच्या सर्व राजबिंड्या भूमिकांहून अधिक चित्रमय आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘बनगरवाडी’ला मिळाला, याची नोंद सर्वत्र असते, लेखक, दिग्दर्शक आणि नट असे तिघेही हाताने चित्र काढणारे होते, याकडे मात्र क्वचितच लक्ष वेधले जाते.

पालेकरांचा क्रम चंद्रकांतांपेक्षा वेगळा आहे. त्यांच्याकडे चित्रकला आधी होती, नाटक आणि ‘रजनीगंधा’पासूनचे (१९७४) हिंदी चित्रपट नंतर आले, आणि उत्तरायुष्यात ते पुन्हा रंगांकडे वळले, आपण शिक्षणाने चित्रकार आहोत आणि नट अपघाताने झालो, असे ते सांगत आले आहेत. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी त्या संस्थेच्या कारभाराविषयी बोलताना त्यांना मध्येच थांबवण्यात आले, तेव्हा वृत्तपत्रांनी बातमी ‘अभिनेते पालेकर’ यांची केली. बोलत होता तो चित्रकार. मेक्सिकोत जन्मलेल्या अँथनी क्विन या हॉलीवूडच्या नटानेही आयुष्यभर चित्रे व शिल्पे केली, परंतु ‘लस्ट फॉर लाइफ’मध्ये चित्रकार गोगँची भूमिका केल्याबद्दल त्याला ऑस्कर मिळाले, आणि लोकांच्या स्मरणात त्याने वठवलेला चित्रकार राहिला, त्याच्यातला खरा चित्रकार राहिला नाही.

कालांतराने या दोन कलांचे दैव उलटे फिरते, ही गोष्ट कोल्हापूरने पाहिली आहे. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी फारच थोडे अवशेष उरले, भालजींचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ च्या जाळपोळीत भस्मसात झाला, आणि जो माध्यमप्रकार सर्वदूर पोहोचत होता तोच आधी नाहीसा होऊ लागला. एका जागी बसून राहिलेला कागद मात्र टिकला. चंद्रकांतांनी हयातीतच आपले घर आणि चित्रे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केली, आणि २००१ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतरही राजारामपुरीच्या सातव्या गल्लीतील ते चंद्रकांत मांढरे कलासंग्रहालय उभे आहे. निमाडातून, खानदेशातून आणि वऱ्हाडातून अंबाबाईच्या दर्शनाला जाणाऱ्या मराठी माणसांनी, ज्यांच्या आजोबांनी या नटाला पडद्यावर पाहिले असेल, त्यांनी परतीच्या गाडीआधी तासभर काढून तेथे जावे, आणि चित्राच्या कोपऱ्यातली चंद्रकांतांची सही जवळ जाऊन वाचावी.